धनवृद्धी, जेंट्स

बिल अजून माझ्या पाकिटात आहे. निळ्या बॉलपेननं, वळणदार अक्षरात: ‘धनवृद्धी स्टोन, जेंट्स, १ नग, ६५०’. त्याखाली ‘एनर्जायझिंग, १०१’. सहाशे पन्नास मी समजू शकतो, महागाई आहे. पण एकशे एक? हा काय आहेर आहे?

मला रेडिओसाठी दगड हवा होता. बस्स. क्रिस्टल रेडिओ म्हणतात त्याला. वार्निशच्या तारेचं वेटोळं, स्टेशन लावायला एक गँग कंडेन्सर, कानाला लावायला काहीतरी, गच्चीवर लांब तार, जमिनीत एक सळई, आणि या सगळ्याच्या मध्ये एक खनिजाचा खडा, त्यावर टेकवलेलं तारेचं टोक. बॅटरी नाही, प्लग नाही, चार्जर नाही. हडपसरच्या मनोऱ्यावरून आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर हवेत वीज उधळत असते, त्यातली चिमूटभर आपल्या तारेत उतरते आणि तेवढ्यावर कानात माणूस बोलतो. बिल आकाशवाणी भरते. खड्याचं काम एवढंच, की विजेला एका बाजूनं जाऊ द्यायचं आणि उलट येऊ द्यायचं नाही. नाहीतर पुढचे हेलकावे आणि मागचे हेलकावे एकमेकांत वजा होतात, कानात काही उरत नाही. एकेरी वाहतुकीचा नियम पुण्यात कुणी पाळत असेल तर तो हा खडा.

बुधवार पेठेत चौकशी केली. जिथं पूर्वी रेडिओचे सुटे भाग मिळायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. एका दुकानदारानं खणातून जर्मेनियमचा डायोड शोधून पुढं केला. “काका, हा लावा. दगडबिगड कशाला?” त्याचं बरोबर होतं. पण मला दगडच हवा होता. हौसेला कारण विचारणारा माणूस मला आवडत नाही.

खरं तर यासाठी गॅलेना उत्तम, म्हणजे शिशाचं सल्फाइड. राजस्थानात जावरच्या खाणीत निघतं आणि आपल्याकडे ते शतकानुशतकं लोकांनी डोळ्यांत घातलंय. सुरम्याचा खडा म्हणजे बऱ्याचदा हाच. म्हणून अत्तर-सुरमावाल्याकडे गेलो. त्यानं बाटलीतली पूड दाखवली. खडा आहे का विचारलं तर म्हणाला, “आता कोण घेतं? त्यात शिसं असतं म्हणतात.” मी म्हटलं, मला शिसंच पाहिजे. त्यानं माझ्याकडं असं काही पाहिलं की मी एक अत्तराची कुपी घेऊन बाहेर पडलो.

मग राहिला पायराइट. लोखंडाचं सल्फाइड. दिसायला सोन्यासारखा, किमतीला मातीमोल, असं पूर्वी म्हणत. गॅलेनापेक्षा जरा हट्टी, तार दाबून टेकवावी लागते, पण चालतो.

तो मिळाला कोथरूडच्या एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात. बायको ड्रेस मटेरियलसाठी गेली होती, मी पिशव्या धरायला. नाचणीचे पापड, गुडघेदुखीचं तेल, न चिकटणारा तवा ओलांडून कोपऱ्यात एक स्टॉल दिसला: काळी मखमल, छोटे दिवे, उदबत्ती आणि ताटंच्या ताटं दगड.

आता इथं जरा थांबतो, कारण हा माझा जुना वैताग आहे. दगडांच्या बाबतीत महाराष्ट्राइतका श्रीमंत आणि माझ्या दृष्टीनं इतका निरुपयोगी प्रदेश दुसरा नसेल. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत एकेक रत्नासारखे स्फटिक धरले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट. वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरला गारगोटी नावाचं अख्खं संग्रहालय आहे. आणि या सगळ्या वैभवातून वीज? एका दिशेनं नाही, दोन्ही दिशांनी नाही, जातच नाही. त्या स्टॉलवर अपोफिलाइटपुढं पाटी होती: ‘देवदूतांशी संपर्क’. देवदूत राहू द्या, त्याच्यावर हडपसरसुद्धा लागत नाही.

तर पायराइटच्या ताटात एक झकास खडा होता. तुटक्या कडा, चकचकीत चौकोनी पैलू, कुणी घासूनपुसून बिघडवलेला नाही.

“मॅडम, हा केवढ्याला?”

“किंमत नंतर, सर. आधी त्याला हातात घ्या. डाव्या. आता डोळे मिटा. काय वाटतंय?”

“जड आहे.”

“बघा!” बाई शेजारच्या पोराला म्हणाल्या. “सगळ्यांना नाही हं वाटत.”

पायराइट पाण्याच्या पाचपट जड असतो. तो कुणालाही जडच वाटेल. पण माझ्यामागं एक काकू उभ्या होत्या, त्यांनी कौतुकानं “अगंबाई” म्हटलं, आणि माणूस कौतुकापुढं गप्प बसतो.

“कशासाठी हवाय? बिझनेस, प्रमोशन, की अडकलेले पैसे?”

“रेडिओसाठी.”

“अच्छा, मीडियात आहात?”

“नाही हो. रेडिओत घालायचाय. याच्यावर सेफ्टीपिन टेकवली की स्टेशन लागतं.”

“टेकवली म्हणजे?”

“टोचायची. इथं टोच, तिथं टोच, करता करता एखादी जागा लागते.”

बाईंनी खडा माझ्या हातातून काढून घेतला. हळूच, पण काढून घेतला. “सर,” त्या आवाज खाली आणत म्हणाल्या, “हा जिवंत असतो.”

इथं मी निघून जायला हवं होतं. पण शहरभर फिरून पाहिलेला हा पहिला धड खडा होता. मी समजावायच्या सुरात म्हटलं, “तसं नाही, मॅडम. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीसाठी लागतो मला.”

चेहरा एकदम उजळला. “मग आधी सांगायचं ना! तुमची कुठली?”

“सातशे ब्याण्णव.”

बाईंनी वही उघडून आकडा लिहून घेतला. “आमच्याकडे हीलिंगच्या फ्रिक्वेन्सीला चारशे बत्तीसवाले येतात, पाचशे अठ्ठावीसवाले येतात. सातशे ब्याण्णव म्हणजे फारच वर आहात तुम्ही.”

“किलो,” मी म्हटलं. “सातशे ब्याण्णव किलोहर्ट्झ.”

“किलोवर नाही हो देत, नगावर आहे. ग्राउंडिंग करता?”

“करावंच लागतं, नाहीतर काही ऐकूच येत नाही. पार्किंगच्या मागं सळई ठोकलीय.”

“अनवाणी करत जा.”

मग मी शेवटचं अस्त्र काढलं: जगदीशचंद्र बोस. ब्राउन नावाच्या जर्मन माणसानं खनिजांचा हा एकेरीपणा १८७४ मध्ये दाखवला, पण त्यावर लहरी पकडण्याचं पेटंट आपल्या माणसाचं आहे. १९०१ साली अर्ज, १९०४ साली अमेरिकेत मंजूर, आणि त्यात गॅलेनाचं नाव आहे. हे सगळं मी एका दमात, पापडाच्या स्टॉलपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

“बोस म्हणजे झाडांना भावना असतात म्हणणारे ना?”

“तेच, पण...”

“मग झालं तर! झाडाला असतात आणि दगडाला नसतील?”

“बरोबर आहे त्यांचं,” मागच्या काकू म्हणाल्या. त्यांनी मग मला कोपरानं बाजूला सारून स्वतःचा प्रश्न पुढं घेतला. जावयाचा फ्लॅट बिल्डरकडे अडकलाय, ताबा मिळत नाही, कुठला दगड द्यावा? बाईंनी काळा टूरमलीन सुचवला. जावयाला की बिल्डरला, असं मी विचारलं. मला कुणीच उत्तर दिलं नाही.

एवढ्यात बायको आली. मला वाटलं, सुटका झाली. ती म्हणाली, “अहो, घेऊन टाका ना. कशानं का होईना, चार पैसे आले तर आले.”

बाईंनी खडा परत माझ्या तळहातावर ठेवला, पण सोडला नाही. “टोचणार नाही म्हणा.”

वीस-पंचवीस माणसं बघत होती. तव्यावाल्यानं प्रात्यक्षिक थांबवलं होतं.

“टोचणार नाही,” मी म्हटलं.

घरी येऊन पहिलं काम तेच केलं.

बाकी जुळणी फार सांगण्यासारखी नाही. तार मोटार बाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणली, पावडरच्या प्लास्टिकच्या डब्यावर गुंडाळली. गँग जुन्या बाजारातला. मोबाइलचे इअरफोन इथं चालत नाहीत, त्यांचा अवरोध फार कमी, म्हणून बझरमधली पिएझोची, म्हणजे विजेनं थरथरून आवाज करणारी, चकती काढून कानाला लावली. खडा चॉकलेटच्या चांदीत चुरगळून बसवला. पूर्वी नळाला तार बांधली की अर्थिंग व्हायचं. आता सोसायटीचे सगळे पाइप प्लास्टिकचे, म्हणून ती सळई. तिच्याभोवती ओल राहावी म्हणून मी संध्याकाळी मीठ-पाणी ओततो, आणि वॉचमन हल्ली माझ्या नजरेला नजर देत नाही. एरियलवर तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गोधडी वाळत घातली होती. ओली.

१९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या खंदकांत सैनिकांनी दाढीचं पातं आणि पेन्सिलीचं शिसं यांवर असे रेडिओ चालवले. वरून बॉम्ब पडत होते, हे खरं. पण निदान पात्याला टोचू नका म्हणून कुणी शपथ घातली नव्हती.

सेफ्टीपिन खड्यावर फिरवताना बहुतेक जागा मुक्या असतात. नुसती खरखर. मग एका पैलूच्या कडेला, पिन जरा दाबल्यावर, आत कुणीतरी घसा साफ केल्यासारखं झालं आणि एक गृहस्थ बोलायला लागले. बारीक, पण स्वच्छ. मार्केट यार्डातले भाव चालले होते. धनवृद्धीच्या दगडानं तोंड उघडलं ते कांद्याच्या दरावर. खालून टेम्पो गेला, पिन हलली, लसूण ऐकायचा राहिला.

मी बायकोला बोलावलं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि टेबलाखाली वाकून वायर कुठं जाते ते बघितलं. मुलानंही तेच केलं. शेजारच्यांनी तर मला खिसा रिकामा करायला लावला, मोबाइल आहे का बघायला. बॅटरीशिवाय दगड बोलतो हे डोळ्यांदेखत, कानांदेखत घडतंय, तर त्यात लबाडी शोधायला सगळी इमारत हजर. आणि तोच दगड उत्तरेला ठेवला की अडकलेले पैसे सुटतात, यावर साडेसातशे रुपये मोजताना कुणी टेबलाखाली वाकत नाही. काकूंनी टूरमलीनची चाचणी मागितली नाही. याचा मला राग येतो, अजून येतो, आणि चहा पिऊनही जात नाही. मुलगा तर म्हणाला, “बाबा, ॲपवर हेच लागतं की.” त्याच्या फोनचं चार्जिंग तेव्हा चार टक्के होतं. मी काही बोललो नाही.

बिलासाठी बाईंनी माझा नंबर घेतला होता. गेल्या आठवड्यात व्हॉट्सअपवर विचारणा आली: ‘सर, रिझल्ट आला का?’ खाली कमळ, हात जोडलेले, नोटांची पिशवी. मी खरं तेच लिहिलं, जरा खोचकपणे: ‘आला. दगडातून पुरुषाचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. बाजारभाव सांगतो.’

दुसऱ्या दिवशी बाईंच्या स्टेटसवर माझा फोटो. प्रदर्शनातला, डोळे मिटलेला, डाव्या हातात खडा, पोटासकट. वर मजकूर: ‘स्टोन मला मार्केटचे भाव स्पष्ट सांगतो. एक समाधानी काका, कोथरूड.’ खाली पायराइटचा नवा दर, ९५०. एनर्जायझिंग वेगळं.

सोसायटीतल्या कुणाकुणाकडे बाईंचा नंबर असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काल लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचे कुलकर्णी माझ्या अगदी जवळ सरकले आणि दार बंद होईपर्यंत थांबून कुजबुजले, “काका, निफ्टीचं काय म्हणतो?”

मी म्हटलं, “फक्त कांदा.”