केन्सिंग्टन वीस मिनिटांवर होतं

आज सकाळी मावसबहिणीचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. "फेब्रुवारीत कॅरेबियन क्रूझला निघालोय, आईपण येतेय. बार्बाडोसला एकच दिवस आहे. कुठली एक्सकर्शन घेऊ?" बास, एवढंच. (एक्सकर्शन म्हणजे जहाजवाले विकतात ती बेटावरची सहल.) पाच मिनिटांत ग्रुपमधल्या सगळ्या तज्ज्ञांनी एकमुखाने निकाल देऊन टाकला. कॅटमरान बोट घे, कासवं बघ, मस्ट आहे. एका महाशयांनी वर हेही लिहिलं की बार्बाडोसमध्ये बाकी बघण्यासारखं काही नाहीच.

काही नाहीच!

मी मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद केला आणि ग्रुपवर दहा ओळी टाइप केल्या. मग खोडल्या, कारण तिथे मोठी माणसं आहेत आणि मला उगाच "याला काय झालं एकदम" असले फोन नकोत. म्हणून इथे लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही सहा जण गेलो होतो. मी, बायको, दोन पोरं आणि डोंबिवलीहून आलेले आई-बाबा. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या थंडीत म्हातारी माणसं किती दिवस खिडकीतून बर्फ बघणार? म्हणून सान हुआनपर्यंत विमान आणि तिथून सात रात्रींची क्रूझ. निघायच्या दोन महिने आधीच जहाजाच्या अ‍ॅपवर मी प्रत्येक बेटाची एक्सकर्शन बुक करून टाकली. बार्बाडोससाठी कॅटमरान, माणशी ९९ डॉलर, सहा जणांचे ५९४. फोटो होते, चार हजार लोकांचे स्टार होते, "बेस्ट सेलर"चा लाल शिक्का होता. ठरवायला मला किती वेळ लागला असेल? भाजी घ्यायलासुद्धा त्याहून जास्त लागतो.

बाबांना फोनवर विचारलं होतं, हो. "बाबा, कासवं बघायला जायचं ना?" ते म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." आपल्याकडचे बाबा लोक असंच म्हणतात, तुम्हाला काय सांगायचं. मुलाच्या पैशाने चाललेल्या सहलीत ही पिढी तोंड उघडून काही मागेल तर शपथ.

तर माझे बाबा, वय ७३, पाण्याची आयुष्यभर भीती, ते नारिंगी लाइफ जॅकेट घालून साडेचार तास त्या कॅटमरानच्या कडेला बसले होते. स्पीकरवर कानठळ्या बसवणारं सोका, म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत, आजूबाजूला सकाळी दहाला रम पंच पिणारी मंडळी, आणि बाबा गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून किनाऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, ऊन लागतंय. टोपी दिली.

संध्याकाळी जहाज सुटायच्या वेळी सगळे बाराव्या मजल्यावर उभे होतो. बाबांनी बंदराच्या मागे बोट केलं. फ्लडलाइटचे खांब आणि एक पांढरं छप्पर दिसत होतं. "ते केन्सिंग्टन का रे?"

मी फोनमध्ये नकाशा उघडला. केन्सिंग्टन ओव्हल, ब्रिजटाऊनचं क्रिकेटचं मैदान. बंदराच्या दारापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं.

आता ज्यांना क्रिकेटचं वेड नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. (नका सोडू.) बाबांची एक वही आहे, पेपरमधली कात्रणं खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. १९७१ची. वाडेकरांची टीम वेस्ट इंडिजला गेली तेव्हा बाबा रुपारेलला होते, दादरच्या चाळीत राहत होते. तिकडचा दिवस संपतो तेव्हा आपल्याकडे पहाट होत आलेली असते, त्यामुळे पेपरात अर्धवट स्कोअर यायचा आणि दिवसभर चाळीत त्यावरच वाद. त्या दौऱ्यात गावसकरने चार टेस्टमध्ये ७७४ केले हे पोराटोरांनाही पाठ आहे. पण बाबांच्या वहीतलं सगळ्यात मोठं कात्रण सरदेसाईंचं आहे. ब्रिजटाऊन, चौथी टेस्ट. वेस्ट इंडिज पाच बाद ५०१, त्यात सोबर्स नाबाद १७८. आपले ७० वर सहा गेलेले. आणि तिथून मडगावचा दिलीप सरदेसाई आणि आपला एकनाथ सोलकर खेळत राहिले. १८६ची भागी. सरदेसाई १५०, सोलकर ६५. दुसऱ्या डावात गावसकर नाबाद ११७, मॅच वाचली, आणि पुढे मालिकाही आपण जिंकली. ही गोष्ट मी लहानपणी मारुतीच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळा ऐकलीय. ते ब्रिजटाऊन म्हणजे हेच ब्रिजटाऊन. आणि ते मैदान म्हणजे हेच मैदान.

आणि १९६२? त्याच मैदानावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, जीव जातो की राहतो अशी अवस्था. रक्त कोणी दिलं? आपल्याकडून पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. आणि वेस्ट इंडिजचा कॅप्टन, फ्रँक वॉरेल. बार्बाडोसचाच माणूस. हे सांगताना बाबांचा आवाज अजूनही जरा बसतो.

बरं, एवढं जुनं नको असेल तर २०२४चं घ्या. २९ जून. सूर्याने सीमारेषेवर तो कॅच घेतला, आपण ७ धावांनी वर्ल्ड कप जिंकलो, रोहितने पिचवरचं गवत उपटून तोंडात टाकलं. कुठे? तिथेच! बाबांनी मला त्या रात्री डोंबिवलीहून फोन करून ते गवत तीनदा सांगितलं होतं. तीनदा. आणि आठ महिन्यांनी मी त्याच माणसाला त्या मैदानापासून वीस मिनिटांवर नेऊन बोटीत बसवलं आणि कासवं दाखवली.

म्हणून ग्रुपवर "काही नाहीच" वाचून माझं डोकं फिरलं.

मुळात ही एक्सकर्शन विकण्याची पद्धतच बघा. जहाज तुम्हाला बेट विकत नाही, भीती विकतं. "आमच्या टूरने गेलात तर उशीर झाला तरी जहाज थांबेल, स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर निघून जाईल." हे वाक्य अ‍ॅपवर आहे, टीव्हीवर आहे, थिएटरमधल्या त्या गोड मुलीच्या भाषणात आहे. मग काय, आपण लगेच गप्प. आपण तर विमानतळावर चार तास आधी जाणारी माणसं.

हे खोटं नाही, मान्य. जहाज खरंच निघून जातं, धक्क्यावर धावत येणाऱ्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. आणि सेंट लुसियासारख्या ठिकाणी, जिथे कॅस्ट्रीजहून सूफ्रिएरला जायचा रस्ता नुसता वळणावळणाचा डोंगर आहे, तिथे मीसुद्धा जहाजाचीच टूर घेईन. पण बार्बाडोस? अख्खं बेट ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने. लोक इंग्रजी बोलतात. त्यांचा डॉलर म्हणजे अमेरिकेचा बरोबर अर्धा, हिशेबालाही डोकं लागत नाही. आणि आम्हाला जायचं होतं ते बंदराच्या शेजारी! कसली भीती?

कासवांचंही सांगतो. कासवं बघायला जहाजाचीच कॅटमरान लागते असं काही नाही. कार्लाइल बे नावाचा किनारा शहराला लागूनच आहे, टॅक्सीने पटकन पोचता येतं, तिथले छोटे बोटवाले बऱ्याच कमी पैशांत नेतात, आणि ज्याला पाण्यात उतरायचं नाही तो वाळूत खुर्ची टाकून बसू शकतो. म्हणजे पोरांची कासवंही झाली असती आणि मी बाबांना घेऊन मैदानावर गेलो असतो. सहाच्या सहा जणांनी एकाच बोटीत बसलं पाहिजे असा नियम कुणी केला? मीच केला. "फॅमिली टाइम."

(जाता जाता एक. तिकडे मिलिटरीसारखे कॅमोफ्लाज नक्षीचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. आमच्या धाकट्याची लाडकी चड्डी नेमकी तसलीच निघाली, उतरताना दारातून परत फिरावं लागलं. बॅग भरताना बघा.)

इथे बायकोने मागून वाचलं आणि म्हणाली, पोरं किती खूश होती ते पण लिही. लिहितो. खूश होती. धाकट्याच्या अगदी हाताजवळून कासव गेलं, तो अजून त्याचं चित्र काढतो. झालं?

पण राग खरं तर जहाजावर नाहीये. आता टाइप करता करता कळतंय मला ते. कारण एक गोष्ट वर लिहिलेली नाही.

कॅटमरान दीडला परत आली. जहाजावर चढायची शेवटची वेळ साडेचार होती. तीन तास. बंदरातून परत आत शिरताना तिथल्या टॅक्सीवाल्याने आम्हाला बघून हाक मारली होती, "इंडिया? केन्सिंग्टन? रोहित शर्मा?" आणि हसत दोन्ही हातांनी सूर्याच्या कॅचची नक्कल केली होती. बाबा थांबले. मी म्हटलं, "चला बाबा, बुफे बंद होईल." ते आले माझ्या मागे. जेवलो आणि मी झोपलो. दीड तास ढाराढूर. चांगला कूपन वसूल केल्यासारखा.

म्हणजे मला सांगणारा माणूस रस्त्यात उभा होता, मैदानाचं नाव घेत होता, वेळ होता, पाय होते. मला ऐकूच आलं नाही, कारण माझ्या डोक्यात "बार्बाडोस" ही यादीतली टिक होऊन गेली होती.

बाबांनी नंतर एका शब्दाने काही म्हटलं नाही. उलट डोंबिवलीला गेल्यावर सगळ्यांना कासवांचे फोटो दाखवले. तेच जास्त लागतं.

मघाशी त्यांना फोन केला. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मैदानात गेलो असतो तर काय बघितलं असतंत?" मला वाटलं सरदेसाई म्हणतील, नाहीतर रोहितचं गवत. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काही नाही रे. सगळं पाडून नवीन बांधलंय म्हणतात, २००७च्या वर्ल्ड कपला. आपलं नुसतं बाउंड्रीला उभं राहून बघितलं असतं, ग्रिफिथ कुठून धावत आला असेल." आणि मग लगेच, "तिकडे थंडी कशी आहे?"

असो.

मग मी एक काम केलं जे ग्रुपवरच्या एकाही तज्ज्ञाने केलं नव्हतं. मावशीला फोन लावला. मावशीचं माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचं, जन्म उसात गेलेला. विचारलं, "मावशी, बार्बाडोसला काय बघायचंय तुला?"

"मला काय विचारतोस? ती दोघं ठरवतील की."

"तरी. तुला काय आवडेल?"

"...तिकडं पण ऊस असतोय म्हणं. त्यांचं गुऱ्हाळ कसलं असतंय, बघायला आवडंल बाई."

बघा! आणि आहे ना तिकडे! उत्तरेला सेंट निकोलस अ‍ॅबी म्हणून सतराव्या शतकातला वाडा आहे, भोवती उसाचे मळे, वाफेवर चालणारा जुना चरक, त्याच रसाची रम. आणि त्या उसाच्या मागे काय होतं तेही तिथेच कळतं. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर ती सगळी साखर उभी होती, आणि १८१६ मध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या मागे ते उठले तेव्हा त्यांना कसं चिरडलं ते. मावशीला "रम टेस्टिंग" नको असेल, पण चरकापाशी ती अर्धा तास उभी राहील, आणि तिथल्या माणसाला आमच्याकडे असं करतात म्हणून खाणाखुणांनी सांगेल, मी लिहून देतो. टॅक्सी ठरवून तासाभरात पोचता येतं, दुपारी आरामात परत.

हे सगळं मी बहिणीला वेगळा मेसेज करून कळवलं. तिचं उत्तर आत्ता आलं: "अरे दादा, कॅटमरान बुक केली पण. चौघांची. आज वीस टक्के ऑफ होतं." खाली कासवाचा इमोजी.

या एक्सकर्शन बहुतेक वेळा निघायच्या एक-दोन दिवस आधीपर्यंत रद्द होतात, पैसे परत मिळतात. तेच सांगायला तिला फोन लावतोय, निदान मावशीचं एक तिकीट तरी रद्द कर म्हणून. उचलत नाहीये.