भोपळ्याची दोरी कोणाच्या हातात? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार बाई,

तुम्ही नावाच्या जागी ‘एक निवृत्त बालवाडी शिक्षिका’ एवढंच लिहिलंय, म्हणून बाईच म्हणते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीसाठी मी काय काय साहित्य केलं, ते मागच्या लेखात सांगितलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजात आणि डोळ्यांत असते, भोपळा समोर ठेवला की मुलाच्या मनातला भोपळा मरतो, आणि वस्तूंसाठी भांडणं होऊन गोष्ट राहते बाजूला. शिवाय फोटोतल्या वाघाचे मण्यांचे डोळे बघून तुमच्या काळजात धस्स झालं.

आधी डोळ्यांचं बोलते, कारण तिथे माझी चूकच झाली. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायटीत रविवारी गोष्टीला येतात ती मुलं चार ते सहा वर्षांची. पण त्यांच्यामागे धाकटी भावंडं रांगत येतात, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची छोटी नळी वापरतात. तीत पूर्ण मावेल ती वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती द्यायची नाही. घरी मी टिश्यूच्या रोलची पुठ्ठ्याची नळी वापरते. ती याहून थोडी रुंदच असते, त्यामुळे चूक झाली तरी सावधपणाच्या बाजूला होते. तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री मणी उसवले. साहित्यात छोटी चुंबकं होती, तीही काढून टाकली. एकाहून जास्त गिळली गेली तर ती आतड्यात एकमेकांना चिकटू शकतात आणि मग अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते.

भांडणांबद्दलही तुमचं बरोबर आहे. पहिल्या वेळी मी वाघ, अस्वल, कोल्हा, सगळे सतरंजीवर मांडून बसले. म्हातारी लेकीच्या घरी पोचायच्या आत अस्वलाचा एक कान एकीच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. गोष्ट तिथेच थांबली. आता सगळे प्राणी एका पिशवीत असतात, ज्याची पाळी येईल तेवढाच बाहेर निघतो आणि त्याचं काम झालं की परत आत जातो.

पण मनातला भोपळा मरतो, हे मला पटत नाही. का, ते भोपळा कसा केला ते सांगूनच सांगता येईल.

मोठा फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवल्या. खळ टिकावी म्हणून तीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मी घालत नाही, ते विषारी आहे आणि मुलं सगळं तोंडात घालून बघतात. म्हणून रोज वाटीभर ताजी खळ शिजवायची, एक थर द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा. असे पाच थर. घाई करून ओल्यावर ओला थर दिला की आतून बुरशी धरते, हे पहिला भोपळा फेकून देऊन शिकले. फुगा फोडून काढला, म्हातारी आत जाईल एवढं भोक पाडलं, नारिंगी रंगाचा एकच हात दिला. डोळे नाहीत, तोंड नाही. म्हातारी म्हणजे मेनरोडवरून आणलेल्या कटपीसची एक गाठ, तिलाही चेहरा नाही.

चेहरा ठेवला नाही तो मुद्दाम. भोपळा जंगलात शिरला की मी विचारते, आता आजीचं तोंड कसं झालं असेल? मागच्या खेपेला एक जण म्हणाला, घाबरलंय. त्याच्या शेजारची लगेच म्हणाली, नाही, ती हसतेय, आत कोणाला दिसतच नाही ना! मी चेहरा रंगवला असता तर हा वाद झालाच नसता. तुमची भीती खरी ठरते ती गुळगुळीत, पूर्ण रंगवलेल्या वस्तूच्या बाबतीत. तिच्यात मुलाने भर घालावी असं काही उरलेलंच नसतं.

आणि भोपळ्याला एक लांब नाडी आहे. ती सगळ्यांनी धरायची आणि प्रत्येक ‘टुणुक’ला ओढायची. एक चार वर्षांचा मुलगा तीन रविवार दाराशी आईला चिकटून बसायचा, तोंडातून शब्द नाही. चौथ्या रविवारी नाडीचं टोक त्याच्यापर्यंत गेलं आणि त्याने ते धरलं. भोपळा सतरंजीच्या घडीला अडला, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, “अडकला!” मग त्या दिवशी गोष्टीत खड्डा आला. म्हातारीला वर कसं काढायचं ते मुलांनी ठरवलं आणि वाघाला ताटकळत ठेवलं. माझा आवाज त्याच्यापर्यंत तीन रविवार पोचत होताच, बाई. त्याला धरायला काहीतरी हवं होतं.

तुमच्या आजीने पुठ्ठे कापले नाहीत म्हणता, तर माझ्याही आजीने नाही. पण माझी आजी रुमालाला गाठी मारून उंदीर करायची आणि तो तिच्या मनगटावरून सुळकन पळायचा. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरूनच कथा गात आले. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. तिथेही महागड्या साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे असं आसपास मिळणारं सामान मुलांच्या हाती आलं. तुमच्या वर्गात खादीचा फलक असेलच ना? चित्रामागे काचकागदाची (सँडपेपरची) पट्टी डकवली की ते खादीला धरून राहतं. मी अजून तसंच करते. चित्रांना पुठ्ठा लागतो तो द्राक्षांच्या खोक्यांचा. हंगामात इथे तो मागू तेवढा मिळतो. प्राणी उभा राहायला हवा असेल तर पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या येतील असा कापायचा, आडव्या आल्या तर संध्याकाळपर्यंत मान टाकतो.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळे ठरवली आहे. महिन्यातला एक रविवार पिशवी घरी ठेवायची आणि नुसती गोष्ट सांगायची. मला ते अवघड जाणार. सहा महिन्यांत हाताला काहीतरी धरायची सवय झाली आहे. तुम्ही नाशिकमध्येच असता असं लिहिलंय. तर पहिला तसा रविवार तुम्ही घ्याल का? सकाळी दहाला मुलं जमतात. तुम्ही सांगा, मी त्यांच्यात बसून ऐकते. वाघाचे डोळे आता काळ्या दोऱ्याने भरलेत, तेही एकदा ओढून बघा.