दाजींचा डोंगल आणि ‘आयुष्यभर फुकट’ची थाप

सध्या आपल्याकडच्या भावकीच्या, वर्गमित्रांच्या, खत-बियाण्यांच्या, म्हणाल त्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: “डिशचं रिचार्ज बंद करा! सातशे रुपयांचा यूएसबी टीव्ही डोंगल घ्या, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. लिनक्सचा ओपन सोर्स ड्रायव्हर सगळे लॉक तोडतो. पाचशे चॅनल आयुष्यभर फुकट. मोठा अँटेना लागत नाही. दूरदर्शनचा डिजिटल सिग्नल सगळीकडे चालू झालाय, कंपन्या दाबून ठेवतात. एका पोरानं एका रात्रीत ड्रायव्हर लिहिलाय, सगळ्या लिनक्सवर चालतो. खालच्या लिंकवरून घ्या, पासवर्ड मागितला तर टाका. दहा ग्रुपला पाठवा.”

असले मेसेज मी वाचतही नाही. पण परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या आमच्या दाजींनी डोंगल, म्हणजे लॅपटॉपला खोचायचं टीव्हीचं छोटं यंत्र, मागवला, भाच्याकडून लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, टाकून घेतली आणि मला फोन केला, “अरे तू कॉम्प्युटरमधला ना, मग चॅनल का दिसंना?” दाजी शिकलेले आहेत, पतसंस्थेचे हिशेब बघतात. त्यांना जर हे पटत असेल तर गप्प बसून भागणार नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘डिजिटल सिग्नल सगळीकडे चालू झालाय.’ या वाक्यात तोळाभर खरं आहे, म्हणूनच ते खपतं. दूरदर्शननं फेब्रुवारी २०१६ मध्ये जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केल्याचं जाहीर केलं. सरकारी प्रसिद्धिपत्रकात शहरांची यादीच आहे, एकूण सोळा. महाराष्ट्रातली त्यात दोनच: मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुणे नाही, नागपूर नाही; परभणी, लातूर, नांदेड तर विचारूच नका. चॅनल किती? डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि प्रादेशिक किंवा किसान. पाच. पाचावर दोन शून्यं मेसेजवाल्यानं पदरची लावली.

बरं, दाजी संभाजीनगरात राहत असते, अगदी गच्चीतून दूरदर्शनच्या मनोऱ्याचा म्हैसमाळचा डोंगर दिसत असता, तरी या डोंगलवर ते पाचही लागले नसते. का, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

दूरदर्शननं जे प्रक्षेपण निवडलं ते डीव्हीबी-टी-टू या प्रकारचं, म्हणजे मनोऱ्यावरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीची दुसरी पिढी. दाजींचा निळा डोंगल मी हातात घेऊन पाहिला. वर छापलंय: ‘डीव्हीबी-टी + एफएम + डॅब’. टू कुठेच नाही. लॅपटॉपला लावून एलएसयूएसबी ही साधी आज्ञा दिली तर तिथेही नाव येतं ‘रियलटेक, आरटीएल २८३८, डीव्हीबी-टी’. आतली चिप आरटीएल २८३२यू. ही चिप जुन्या डीव्हीबी-टीचा सिग्नल उलगडते आणि तेवढंच करते. टी-टूमध्ये चुका दुरुस्त करायची गणिती पद्धतच वेगळी आहे, आणि ते गणित सिलिकॉनमध्ये कोरलेलं असतं. या चिपमध्ये ते नाही. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा प्रोग्राम, फार तर चिपला सांगू शकतो की अमुक फ्रिक्वेन्सीवर जा, अमुक रुंदी धर, डेटा दे. चिपला जे येतच नाही ते तो तिच्याकडून करून घेऊ शकत नाही.

इथे एखादा हुशार म्हणेल, पण या डोंगलमधून कच्चा सिग्नल काढता येतो ना, मग उलगडायचं काम सॉफ्टवेअरमध्ये करू. प्रश्न चांगला आहे. २०१२ मध्ये याच चिपच्या लिनक्स ड्रायव्हरवर काम करणारे फिनलंडचे आंटी पालोसारी यांच्या लक्षात आलं की एफएम ऐकवताना ही चिप कच्चे नमुने जसेच्या तसे कॉम्प्युटरकडे पाठवते. त्यातूनच पुढे आरटीएल-एसडीआर हे रेडिओचं सॉफ्टवेअर उभं राहिलं, आणि हा टाकाऊ डोंगल जगभरातल्या हौशी लोकांचा रेडिओ झाला. पण तिथेही मर्यादा आहे. नमुने न गळता सेकंदाला साधारण चोवीस लाख मिळतात, कागदावर फार तर बत्तीस लाख. म्हणजे एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झची पट्टी दिसते. टीव्हीचं एक चॅनल आठ मेगाहर्ट्झ रुंद. पाव भागावरून पूर्ण चित्र बनत नाही.

‘मोठा अँटेना लागत नाही’ यावर काय बोलायचं? डोंगलसोबत बोटभर काडी आणि खाली चुंबक असतं. सेलूहून संभाजीनगर कुठे आणि ती काडी कुठे. पत्र्यावर चढून अँटेना फिरवलेली पिढी अजून जिवंत आहे, तिला तरी हे सांगू नका.

‘ओपन सोर्स ड्रायव्हर सगळे लॉक तोडतो.’ नाही तोडत. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला खुला, एवढंच. ड्रायव्हर म्हणजे मोंढ्यातला हमाल. ट्रकमधून पोतं उचलून थप्पीला आणून टाकतो. शिवण उसवून आत तूर आहे की हरभरा हे बघणं त्याचं काम नाही. प्रत्यक्षात असं चालतं: डिजिटल टीव्हीचा प्रवाह १८८ बाइटच्या पाकिटांत येतो. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, सोळा-पायाच्या गणतीत ४७. चौथ्या बाइटचे वरचे दोन बिट सांगतात की आतला माल कुलूपबंद आहे की उघडा. उघड्या, फ्री-टू-एअर चॅनलच्या पाकिटात ते दोन्ही शून्य असतात. पैसे भरून बघायच्या चॅनलचं पाकीटही ड्रायव्हर इमानेइतबारे आणून देईल, पण ते बिट शून्य नसतील आणि आतला मजकूर म्हणजे नुसता कचरा. किल्ली तुमच्या सेटटॉप बॉक्सच्या कार्डात आणि कंपनीच्या यंत्रणेत असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती नाही, कधी नव्हती. कुणी ती चोरून वापरलीच, तर कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५-अ आहे, दोन वर्षांपर्यंतची कैद आहे. शिवाय डीटीएच येतं उपग्रहावरून, छत्रीतून. या डोंगलला छत्रीची केबल लावायची सोयसुद्धा नाही. असो.

आता खरा राग ज्याचा आहे ते. ‘खालच्या लिंकवरून ड्रायव्हर घ्या, पासवर्ड मागितला तर टाका.’

पहिली गोष्ट, या डोंगलचा ड्रायव्हर कुठून घ्यावाच लागत नाही. तो कर्नलमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ आहे, नाव डीव्हीबी-यूएसबी-आरटीएल२८एक्सएक्सयू. प्रत्येक यूएसबी वस्तूला बनवणाऱ्याचा आणि मालाचा असे दोन क्रमांक असतात. ड्रायव्हरच्या आत कोणकोणते क्रमांक सांभाळायचे याचा तक्ता असतो. डोंगल खोचला की कर्नल क्रमांक वाचतो, तक्त्यात जुळला की ड्रायव्हर आपोआप चढवतो. दाजींच्या लॅपटॉपवर हेच झालेलं होतं. कर्नलच्या नोंदींत स्वच्छ लिहिलेलं, ‘रियलटेक आरटीएल२८३२यू रेफरन्स डिझाइन’ सापडलं. डीव्हीबीच्या फोल्डरमध्ये अडॅप्टर शून्य आणि त्याखाली फ्रंटएंड, डीमक्स, डीव्हीआर अशा तिन्ही फाइली हजर. म्हणजे ड्रायव्हर बिचारा कामावर आलेला होता, त्याला उचलायला माल नव्हता.

मग लिंकवरच्या फाइलमध्ये काय? मी ती चालवली नाही, नुसती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. नावात ‘ड्रायव्हर’, आत एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या आज्ञांची यादी. वर चार ओळी सजावटीच्या, ‘इन्स्टॉल होत आहे’ आणि पुढे रांगेनं टिंबं. त्याखाली सुडो या आज्ञेनं एका आखूड केलेल्या पत्त्यावरून दुसरी फाइल ओढायची आणि रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकारात चालवायची. शेवटी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, नोंद, की दर तासाला पुन्हा त्याच पत्त्यावर जा. डोंगल, ट्यूनर, फ्रिक्वेन्सी यांचा अख्ख्या फाइलमध्ये उल्लेख नाही. म्हणजे आज तिथे काहीही नसलं तरी उद्या तो माणूस तिथे जे ठेवील ते दाजींच्या लॅपटॉपवर मालकाच्या अधिकारानं चालणार. त्याच लॅपटॉपवर दाजी पतसंस्थेचा हिशेब करतात. पासवर्ड टाकण्याआधी त्यांनी फोन केला म्हणून वाचले.

समजा आत खरोखर कर्नलचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, असतं, तर ते आणखी वाईट. कर्नलमध्ये शिरलेल्या कोडला अडवणारं वर कुणीच उरत नाही. कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ, डिस्कवरची प्रत्येक फाइल त्याला मोकळी. आणि ‘सगळ्या लिनक्सवर चालतो’ हे तर बिनबुडाचं. तयार मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलं त्या आवृत्तीची खूण त्याच्यावर असते; दुसऱ्या आवृत्तीवर कर्नल ते साफ नाकारतो. कर्नलच्या आतली जोडणी आवृत्तीगणिक बदलते आणि ती गोठवायची नाही हे तिथल्या मंडळींचं जाहीर धोरण आहे. त्यामुळेच ड्रायव्हर कर्नलच्या आतच ठेवायचा आग्रह असतो. आतलं काही बदललं तर बदलणाराच सगळ्या ड्रायव्हरांची दुरुस्ती करतो. बाहेरचं मॉड्यूल चढवलं की कर्नल स्वतःवर ‘डागाळलेला’ असा शिक्का मारून घेतो, तो उगाच नाही.

‘एका पोरानं एका रात्रीत लिहिला.’ हे अर्धं मान्य करतो, नाइलाजानं. चिप ओळखीचीच असेल, फक्त डब्यावर नवीन कंपनीचं नाव आणि नवा क्रमांक असेल, तर तक्त्यात एक ओळ वाढवून काम होतं. हे खरंच एका संध्याकाळी होतं आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनी ते जरूर करून बघावं. पण नवीन चिप असेल तर गोष्ट निराळी. डोंगल म्हणजे किमान तीन माणसांचं घर: यूएसबीशी बोलणारा पूल, सिग्नल उलगडणारा डीमॉड्युलेटर आणि फ्रिक्वेन्सी पकडणारा ट्यूनर. तिघं आपसांत आय-टू-सी नावाच्या दोन तारांवरून बोलतात, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा लिहावा लागतो. चिपचा तांत्रिक कागद मिळाला नाही तर विंडोजवर डोंगल चालवायचा, यूएसबीवरून जाणारा प्रत्येक संदेश टिपायचा आणि कोणत्या आकड्यानं काय झालं याचा अंदाज बांधत बसायचं. मग पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लिहायचा, त्यावर आपल्या नावानं सही करायची, आणि मीडिया विभाग सांभाळणाऱ्यांनी तो परत पाठवला की पुन्हा लिहायचा. लिनक्सच्या डीव्हीबी विभागात उपग्रहाच्या नव्या प्रकारांसाठी कोणती रचना घ्यावी यावर दोन गटांत चांगली जुंपली होती. शेवटी २००८ च्या डिसेंबरमध्ये २.६.२८ या कर्नलसोबत एक रचना आत आली. एका रात्रीचं काम असतं तर भांडायला वेळ कुणाला मिळाला असता?

‘कंपन्या दाबून ठेवतात’ यातही थोडं तथ्य आहे. चॅनल दाबत नाहीत, कागद दाबतात. कित्येक चिपांची माहिती गुप्ततेचा करार केल्याशिवाय मिळत नाही. काही डोंगलना चालू होताच आत एक फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, भरावं लागतं, ते बंद मालकीचं असतं. विंडोजच्या ड्रायव्हरमधून ते काढून घ्यायची एक पर्ल स्क्रिप्ट कर्नलच्याच सोर्समध्ये आहे. म्हणजे ओपन सोर्स म्हटलं तरी शेवटचा तुकडा बऱ्याचदा बंदच असतो. पण मेसेजवाल्याला हे कुठे सांगायचंय?

दाजींचा पुढचा प्रश्न रास्त होता, “मग सातशे पाण्यात का?” अगदीच नाही. साध्या जोडणीत हा डोंगल चोवीस मेगाहर्ट्झच्या वर ऐकतो, म्हणून एफएम लागेल. परभणी आकाशवाणीचं मध्यम लहरीवरचं १३०५ किलोहर्ट्झ लागणार नाही. भाच्याला रेडिओ लहरींचा आलेख पडद्यावर बघायचा नाद लागला तर पैसे वसूल. आणि फुकट टीव्हीच हवा असेल तर तो सरळ मार्गानं आहेच: डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरपासून चालू, आता जीसॅट-१५ उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनीही आहे. लिनक्सला चालणारे यूएसबी उपग्रह रिसीव्हरही मिळतात, पण छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, म्हणजे एलएनबीला, तेरा किंवा अठरा व्होल्ट लागतात, यूएसबी देतं पाच, म्हणून त्यांना वेगळा अडॅप्टर येतो. प्रयोगाची हौस असेल तरच त्या फंदात पडा. नुसत्या बातम्या नि कीर्तन बघायचं तर बाजारातला साधा फ्री डिशचा बॉक्स आणि छत्री घ्या. लॅपटॉप कशाला गुंतवता?

ज्यांनी ती फाइल चालवून पासवर्ड टाकला असेल, त्यांनी आधी त्या लॅपटॉपचं नेट बंद करावं. बँकेचे, मेलचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलावेत. त्या लॅपटॉपवरून नव्हे. कागदपत्रं, फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्यावेत आणि लिनक्स पुन्हा कोरं टाकावं. क्रॉनमधली ओळ पुसून भागेल असं समजू नका, तोवर आत काय काय उतरलं असेल ते त्या ओळीवरून कळत नाही. जमत नसेल तर ओळखीच्या माणसाला दाखवा. आणि ज्यानं मेसेज पाठवला त्याला आधी फोन करा, त्यानंही बहुतेक चालवलेली असेल.