काळंच आलंय की!

रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यातल्या माळावर सूर्य उगवताना काळविटाची छायाकृती, म्हणजे उजळ आकाशावर नुसता काळा आकार, टिपायची, तर दहा-पंधरा मिनिटांची शांतता लागते. परवा ती एका टोपीवाल्या काकांनी मिळू दिली नाही.

"अहो, काळंच आलंय की!" माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावत काका.

"मुद्दाम केलंय. उजेड आकाशावरून मोजलाय, शिवाय एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दीड स्टॉपने कमी. एक स्टॉप म्हणजे निम्मा."

"म्हणजे बिघडलंच ना? आमच्या फोनात बघा, पातं न् पातं दिसतंय."

दिसत होतं. काळवीट तेवढा दिसत नव्हता.

"फ्लॅश मारा की!"

नर १६० मीटरवर. फ्लॅशचा उजेड काकांच्या टोपीपर्यंत जेमतेम पोचला असता.

"मग जवळ जाऊ या."

इथे माझं डोकं फिरलं. मला नर उगवत्या सूर्यबिंबाच्या आत हवा होता. ते बिंब आकाशात अर्ध्या अंशाचं. मान वर केलेला, शिंगांसकट दीड मीटरचा नर त्यात मावायला एवढं अंतर लागतंच. ४०० मिमीच्या लेन्सने ते बिंब कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पावणेचार मिलिमीटरचं पडतं, मसुराच्या दाण्याएवढं. जवळ गेलं की जनावर मोठं होतं, सूर्य तेवढाच राहतो. आणि आपण जमिनीलगत आडवं झालं की जनावराचं धड आकाशावर येतं, पण त्याचे पाय गवतात बुडतात. म्हणून नर उंचवट्यावर येण्याची वाट बघायची. दोन माद्या एकमेकींआड आल्या की सहा पायांचं गाठोडं होतं. मागचा विजेचा खांबही तितकाच ऐटीत काळा येतो. लेन्सपुढची फिल्टरची काच काढायला विसरलं, तर तिच्यातल्या परावर्तनाने फुकटात दुसरा हिरवा सूर्य.

नर अगदी आडवा उभा होता. अशा वेळी दोन शिंगांचं एकच दिसतं. थोडी मान वळली तर पिळदार जोडी उघडते. मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो. काकांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी टाळी वाजवली.

कळप पसार.

हसू येत नाही त्याचं. अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं, त्यात जनावरांनी पळून जायचं कुठं? पळतानाचा फोटो हवा म्हणून माळावर गाड्या घालणारेही आहेत. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात आहे, हे त्यांना सांगून बघा. ते लेन्स कुठली म्हणून विचारतात.

सूर्य आपल्या रुंदीएवढा वर सरकायला दोन मिनिटं पुरतात. तो हातभर वर आला, सगळं पांढरंफटक झालं, तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"हां, आता पडला बघा उजेड. आता काढा!"