तीन ग्रॅमचे मानकरी

गेल्या शनिवारी लीड्समधली आमच्या ओळखीची काही मराठी कुटुंबे जेवायला आली होती. मी घरी केलेल्या बिअरची पहिली बाटली उघडली, फेस व्यवस्थित आला, आणि कोणीतरी ‘झकास जमली आहे’ असे म्हणताच कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला, “जमणारच की! साखरेचं माप मी काढून दिलंय.” हे गृहस्थ माझ्या पत्नीचे मामा. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब आयुष्यात शिवलेला नाही, आणि सारी नोकरी कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून झालेली. पुढचा अर्धा तास सगळी मंडळी मामांना प्रश्न विचारत होती आणि मी चकल्यांचे ताट फिरवत होतो.

बिअर आंबवणे हे तसे आळशी माणसाचे काम आहे, कारण खरे राबते ते यीस्ट. बाटल्या भरण्याच्या दिवशी मात्र यीस्ट आराम करते आणि माणूस राबतो. वीस लिटर बिअरला अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या लागतात. त्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवाव्या लागतात, लेबले निघाली तरी त्यांचा डिंक नखाने खरवडावा लागतो, आतून ब्रश फिरवून जंतुनाशक द्रावणाने विसळाव्या लागतात. एवढे करून बाटलीत जी बिअर जाते ती जवळजवळ निपचितच असते. तिला फेस यावा म्हणून भरण्यापूर्वी तिच्यात मोजून साखर घालतात. त्यालाच प्रायमिंग म्हणतात. उरलेसुरले यीस्ट ती साखर खाते, झाकण लागलेले असल्याने तयार होणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसते, आणि तो निमूटपणे बिअरमध्ये विरघळतो. साखर कमी पडली तर बिअर सपक होते. फार झाली तर बाटली फुटते आणि काचा भिंतीत रुततात. म्हणून मी आंबवलेल्या बिअरचे तापमान पाहिले, 20 अंशांना तिच्यात आधीच किती वायू मुरलेला असतो तो वजा केला, आणि कागदावर 107 ग्रॅम असा आकडा लिहिला.

मामांनी चष्मा पुसून तो कागद वाचला.

“जावईबापू, साखर कुठली? एम की एस?”

मी म्हटले, इथल्या दुकानातली साधी साखर आहे, दाण्याच्या आकाराशी आपल्याला कर्तव्य नाही. पाण्यात उकळून तिचा पाकच करायचा आहे.

“पाक करताय? मग ब्रिक्स किती धरलाय?” ब्रिक्स म्हणजे पाकात साखर किती टक्के आहे त्याचे माप.

“मोजलेला नाही मामा. साखर विरघळली की झालं.”

“विरघळली की झालं,” मामांनी माझेच शब्द असे उच्चारले, की कारखान्यात एखाद्या उमेदवाराने असे म्हटले असते तर त्याला दुसऱ्या दिवशी गव्हाणीवर ऊस टाकायला पाठवले असते. “आणि लॉस कुठं दाखवलाय?”

“कसला लॉस?”

“पातेल्याला चिकटंल ती साखर. चमच्याला लागंल ती. आमच्याकडं त्याला रकाना असतो बघा, अनडिटरमाइंड लॉस. कुठं गेली ते सांगता येत नाही, पण गेली हे लिहायला लागतं.”

मी नम्रपणे सांगितले की पातेले उकळत्या पाण्याने विसळून तेही पाणी मी बिअरमध्ये ओतणार आहे. मामांनी हे कानाआड केले. डोळे मिटून त्यांनी काही पुटपुटले, ते गणित होते की अभंग होता हे मला कळले नाही, आणि माझ्या कागदावर 107 खोडून 110 लिहिले. त्याखाली सहीसुद्धा केली. वीस लिटरांत तीन ग्रॅम म्हणजे बाटलीमागे 0.075 ग्रॅम, ती चवीला, फेसाला किंवा स्फोटाला कशालाच पुरत नाही. पण पत्नी दारातून म्हणाली, “मामा म्हणतो तर घाल ना, त्याचा हा विषय आहे,” आणि मी घातली.

पाक होईपर्यंत मामा शेगडीपाशी ठाम उभे होते, कारण साखर ही त्यांच्या लेखी पवित्र वस्तू आहे. तो पाक बिअरच्या बादलीत पडताक्षणी त्यांनी साबणाने हात धुतले, “आता हे आमच्या उपयोगाचं न्हाई,” असे म्हणून ते हरिपाठाला बसले. नेमके तेव्हाच खरे काम सुरू झाले. तोटीखाली एकेक बाटली धरायची, गळ्याशी बोटभर जागा सोडायची, पत्र्याचे झाकण ठेवायचे आणि कॅपरच्या, म्हणजे झाकण आवळायच्या हत्याराच्या, दोन्ही दांड्या एकदम दाबायच्या. दांड्या जरा वाकड्या बसल्या की झाकण तिरके लागते आणि वायू हळूहळू निघून जातो. हे चाळीस वेळा करताना मदतीला कोणी नव्हते. पत्नीला वास सहन होत नाही, मामांना माळ आहे. बाटलीला हात लावल्याने माळेला काय होते, हे मी विचारले नाही.

इंग्लंडमध्ये स्वतःपुरती बिअर करायला 1963 पासून परवाना लागत नाही; ती विकता मात्र येत नाही. आमच्याकडे महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायलासुद्धा परवाना लागतो. हे मी शनिवारी पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली होती, पण मामा तेव्हा मळीपासून अल्कोहोल कसे काढतात ते सांगत होते आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. मला राग येतो तो त्यांचा नाही, ऐकणाऱ्यांचा येतो. चाळीस बाटल्या कोणी खरवडल्या, असे एकालाही विचारावेसे वाटले नाही. जाताना एकाने मामांना खाली वाकून नमस्कार केला आणि मला रिकामी बाटली परत दिली, तीही न विसळता.

काल मामांनी कोल्हापूरला फोन लावला. पुढच्या वेळी साखर नको, गूळ घालून बघू, असे त्यांच्या मनात आले आहे. गुळात ओलावा किती आणि खनिजे किती हे ढेपेगणिक बदलते, म्हणजे आता लॉसचे रकानेही वाढणार. मामांचा मुलगा पुढच्या महिन्यात इकडे येतो आहे, त्याच्या सामानात पाच किलोची ढेप येईल. बाटल्या कोण धुणार, हा विषय फोनवर निघाला नाही.