विद्वानांना वाटेला लावताना

कादंबरी लिहायचं ठरवलंच आहे ना? मग आता मागे हटू नका. चार पंडित, एक फाटका नकाशा, पुराणातले प्रदेश आणि शेवटी जगाचा उद्धार. आपल्या ठाण्यात वर्तकनगरपासून कासारवडवलीपर्यंत दर दुसऱ्या इमारतीत कोणीतरी असली त्रयी लिहीत बसलंय, तुम्हीच काय घोडं मारलंय? फक्त थोडी पथ्यं पाळा.

तुमचे विद्वान हे विद्वान आहेत, ते दाढीवरून कळू द्या. बोलण्यावरून चुकूनही कळता कामा नये. दोन खरे पंडित एका खोलीत बसले की काय होतं, ते एखाद्या परिसंवादात तुम्ही पाहिलं असेलच. पोथीतलं अक्षर ‘व’ की ‘ब’ यावर दोन तास वाद, त्यानंतर दहा वर्षं अबोला, आणि मधल्या काळात एकमेकांच्या पुस्तकांवर परीक्षणं. हे कादंबरीत घेतलंत तर पात्रं जिवंत होतील आणि मग तुमचं ऐकणार नाहीत. त्यापेक्षा आचार्यांना एकच काम द्या. नायकानं “आचार्य, हे काय आहे?” असं विचारलं की अडीच पानं माहिती सांगायची, आणि मग दूरवर बघायचं.

एक विदुषी घ्यावी लागते, हल्ली विचारतात. तिला जडीबुटी कळू द्या आणि तिसऱ्या प्रकरणात ताप येऊ द्या. गार्गीच्या वाटेला जाऊ नका. बृहदारण्यक उपनिषदात ती प्रश्नामागून प्रश्न विचारत याज्ञवल्क्यांना “आता पुरे, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल” इथवर आणते. अशी बाई होडीत बसवलीत तर नायकाला बोलायला जागा उरेल का?

आता भूगोल. विष्णुपुराण उघडू नका, तिथे सगळं आयतं मांडून ठेवलंय आणि तोच धोका आहे. जंबुद्वीपाभोवती खारा समुद्र, पुढे उसाच्या रसाचा, मग सुरेचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि शेवटी गोड्या पाण्याचा. प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट, आणि त्याला वेढणारा समुद्र त्याच्याच एवढा. जंबुद्वीप 1 लाख योजनांचं, म्हणजे चौथ्या कुशद्वीपाभोवतीचं तूप 8 लाख योजनं रुंद झालं. एकदा का होडी तुपात घातलीत की संपलंच. थंडीत तूप थिजलं तर होडी अडकेल, की उतरून चालत जाता येईल? वल्हं हातातून निसटणार ते वेगळंच. रात्री मशाल पेटवायची म्हटलं की चौघांतला नैयायिक, म्हणजे तर्कशास्त्री, आधी सगळ्यांना दूर सरकायला सांगणार. पहाटेच्या गारव्यात होडीच्या कडेला रवाळ थर धरलाय, वैयाकरण तो वल्ह्याच्या टोकानं टोचून बघतोय, आणि यज्ञविधींचा काथ्याकूट करणारा मीमांसक विचारतोय की एवढं तूप असताना त्याची आहुती द्यायची झाली तर ती द्यायची कशात? असं लिहून बसलात तर वाचक तिथेच रमेल आणि तुमचं चाळीस पानी महायुद्ध वाचायचं राहून जाईल. म्हणून समुद्र निळा, खारा आणि वादळीच ठेवा. सगळ्यांनी पाहिलेला असतो, वर्णनाचे कष्ट वाचतात.

बर्फ मात्र हवाच. जानेवारीत उपवनला सकाळी फिरताना कानटोपी घालणाऱ्या माणसाला हिमवादळ लिहायला अडचण कसली? येऊरचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे आणि त्यात बिबटे आहेत, हे खरं. पण ते पडले खरे, अद्भुत कादंबरीत शोभायचे नाहीत. तुम्ही पाईनची झाडंच लावा.

राज्यांची नावं सुचत नसतील तर घोडबंदर रोडनं एक फेरी मारा आणि होर्डिंगं वाचत चला. अर्धं इटालियन, अर्धं ग्रीक, शेवटी ‘या’ किंवा ‘ओरा’. तीस मजली टॉवरला चालतं ते तुमच्या दुष्ट सम्राटाच्या राजधानीलाही चालेल.

प्रवासाचा वेळ हा या लेखनातला सर्वांत सुंदर भाग. माजिवड्याहून गायमुखला जायला संध्याकाळी किती वेळ लागतो, हे ज्याला पाठ आहे, तोच लेखक सत्तर वर्षांच्या आचार्यांना एका परिच्छेदात तीन पर्वत ओलांडायला लावतो. कोणाचे पाय सुजत नाहीत, शिदोरी संपत नाही, पोथ्या भिजत नाहीत. खरं तर पोथ्या कोणी बरोबर घेतच नाही. विद्वानाला प्रवासात पुस्तक कशाला लागेल, हो ना?

आणि हो, एका माणसापासून दूर राहा. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्यानं तेजकंठ नावाचा दूत काश्मीरला पाठवला होता. शिलाहार म्हणजे तेच, ज्यांचं श्रीस्थानक आज ठाणं म्हणून ओळखलं जातं. राजा स्वतःही साधा नव्हता, याज्ञवल्क्यस्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरची त्याच्या नावाची टीका, म्हणजे भाष्य, प्रसिद्ध आहे. मंख या काश्मिरी कवीनं ‘श्रीकंठचरित’ या आपल्या काव्याच्या शेवटी एका विद्वत्सभेचं वर्णन केलंय, आणि त्या सभेत हा तेजकंठ बसलेला आहे. सभा कशासाठी भरली होती? मंखाचं नवं काव्य ऐकायला. म्हणजे हा माणूस कोकणातून निघाला, अख्खा देश तुडवत थेट काश्मीरला पोचला, आणि तिथे त्याला कोणाचं तरी ताजं महाकाव्य ऐकावं लागलं!

मोह होईल, आवरा. तो कोणत्या वाटेनं गेला, थंडीत काय पांघरलं, काव्य ऐकताना पेंगला का, हे सगळं तुम्हालाच रचावं लागेल. त्यासाठी वाचावं लागेल. ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जाऊन बसावं लागेल. एवढ्यात तुमचे दोन भाग लिहून होतात.

त्यापेक्षा प्रकाशन समारंभाकडे लक्ष द्या. अध्यक्ष पुस्तक न वाचलेलेच निवडा, ते जास्त मोकळेपणानं बोलतात. मनोगतात “हे पात्रांनीच माझ्याकडून लिहवून घेतलं” हे वाक्य येऊ द्या. आणि पुढच्या रांगेतल्या एखाद्या खवट आजोबांनी, तुमचे हे चार पंडित नेमका कशाचा अभ्यास करतात, असं विचारलंच, तर गडबडू नका. ते दुसऱ्या भागात येणार आहे म्हणून सांगा.