‘भेसळ’ म्हणण्याआधी गोणीत काय आहे ते बघा

क्लिंकर (भट्टीत चुनखडी भाजून बनणारे, दळून सिमेंट करायचे खडे) कमी करून बनवलेल्या एलसी३ सिमेंटवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “कारखान्यांना सौर वीज द्या, सिमेंट आपोआप स्वच्छ होईल. क्लिंकर कमी करून माती घालणं ही निव्वळ भेसळ आहे, आमच्या साइटवर ताकद आली नाही. लेखकाने कधी भट्टी पाहिली आहे का?” वर हायड्रोजनचाही उल्लेख केलात. मतभेद असू द्यात, पण ही बोलायची पद्धत नव्हे. माझी २२ वर्षं भट्टीवरच गेली आहेत. निदान लेख शेवटपर्यंत वाचायचा होता.

एक चूक मान्य. चुनखडी १४५० अंशांना फुटते, असं माझ्याकडून लिहिलं गेलं. ती ९०० च्या आसपासच फुटते. १४५० लागतात क्लिंकर बनायला. दुरुस्ती केली आहे.

आता भेसळ. भेसळ लपवून करतात. एलसी३ चं प्रमाण उघड आहे: क्लिंकर ५०, भाजलेली चिकणमाती ३०, चुनखडीची पूड १५, जिप्सम ५ टक्के. क्यूबात २०१३ साली याचं कारखान्यात उत्पादन घेऊन पाहिलं गेलं, भारतात आयआयटींनी त्यावर काम केलं. ही माती नुसती भर नव्हे. ७०० ते ८५० अंशांना भाजली की तिच्यातल्या केओलिनाइट या खनिजातलं बांधलेलं पाणी निघून जातं. मग त्यातलं ॲल्युमिना चुन्याशी आणि चुनखडीशी संयोग पावून बारीक छिद्रं बुजवतं.

वाटेल ती माती मात्र चालत नाही. केओलिनाइट ४० टक्के तरी हवं. सुकवलेली १०० ग्रॅम माती तापवा. ४०० ते ६०० अंशांदरम्यान वजन साधारण ५.६ ग्रॅमने घटलं, तर माती जेमतेम चालेल. घट त्याहून कमी असेल तर ती खाण सोडा.

ताकद जाते ती इतर कारणांनी. भाजणी ९०० च्या बरीच वर गेली की माती मरते (संयोग पावत नाही), कमी पडली तर कच्ची राहते. सगळं एकत्र दळलं तर मऊ माती पिठासारखी होते, क्लिंकर जाडंभरडं राहतं आणि पहिल्या दिवसाची ताकद पडते. जिप्सम कमी पडलं तर माल लवकर आखडतो.

सौर विजेचं म्हणाल, तर एक टन शुद्ध चुनखडी फुटली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच बाहेर पडतो. त्याला पॅनेल काय करणार? सिमेंटच्या उत्सर्जनात विजेचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ज्या देशांत घरं, पूल अजून बांधायचेच आहेत, तिथे क्लिंकरला हात घालावाच लागतो. आणि कोळशाची केंद्रं बंद होत गेली की क्लिंकरऐवजी सिमेंटमध्ये मिसळायला त्यांची राखही पुरणार नाही. हायड्रोजन हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

साइटवर ताकद आली नाही म्हणता, तर पाणी किती दिवस मारलं ते लिहा. या सिमेंटला किमान १० दिवस लागतात. शिवाय भाजलेली माती पाणी ओढते. त्यासाठी प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) वाढवलं, की मिक्सरमध्ये आणखी पाणी ओतलं?